सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून

रविवारची उपासना संपते. पाळकसाहेब जाहीर करतात की आज आपल्या मंडळीतल्या अमुक आजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. टाळ्या वाजतात. आजींना पुढे बोलावून शाल पांघरतात, गुच्छ देतात, तरुण संघाची पोरं फोटो काढतात. मग कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणतं, "या वयातही आजी किती अॅक्टिव्ह आहेत बघा!" पुन्हा टाळ्या. बाहेर केक, वेफर्स आणि चहा. अर्ध्या तासात सगळे घरी.

नागपूर असो, बडोदा असो नाहीतर बेंगळुरू, जिथे जिथे मराठी मंडळी भरते तिथे हे चित्र थोड्याफार फरकाने हेच असतं. त्यात वाईट काहीच नाही. वडीलधाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या "किती अॅक्टिव्ह" या शब्दांपाशी जरा थांबूया. आपण नेमकं कशाचं कौतुक करतो? आजी अजून जिना चढतात, चष्म्याशिवाय वाचतात, स्वतःचे कपडे स्वतः धुतात, याचं? की एवढ्या मोठ्या आयुष्यात त्यांनी जे उभं केलं आणि अजूनही करू पाहतात, त्याचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सारखी एक बाई आठवते. ८९ वर्षं जगलेली. साठी उलटून गेल्यावर तिच्यासमोर आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम येऊन उभं राहिलं. आपल्यापैकी अनेकांच्या घरात तिने उभारलेल्या हॉस्पिटलचं नाव कधी ना कधी निघालेलं असतं. कुणाच्या मोठ्या आजाराची गोष्ट निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "एकदा वेल्लोरला दाखवून या."

त्या वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडर.

मिशनरी व्हायचंच नव्हतं

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० चा, तमिळनाडूतल्या राणीपेटचा. आजोबा जॉन स्कडर १८१९ साली अमेरिकेतून निघालेले मिशनरी डॉक्टर. त्यांची मुलंही इथेच मिशनच्या कामात. आयडाचे वडीलही डॉक्टर. म्हणजे घरात धर्मकार्य आणि औषधांचा वास दोन्ही पिढीजात.

पण या मुलीला त्यातलं काहीच नको होतं. लहानपणी, १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळात, तिने भुकेली मुलं डोळ्यांनी पाहिली होती. पुढे ती शिकायला अमेरिकेत गेली. तिथलं मोकळं आयुष्य तिला आवडलं. कॉलेज करावं, लग्न करावं, चारचौघींसारखं सुखात राहावं, एवढंच तिच्या मनात होतं. १८९० साली आई आजारी पडली म्हणून ती भारतात आली, तीही आई बरी झाली की परत जायचं या बोलीवर.

त्या काळात तिचे आईवडील तिंडिवनमला राहत होते. तिथे एका रात्री जे घडलं ते तिने पुढे आयुष्यभर सांगितलं.

रात्री दारावर एक तरुण ब्राह्मण गृहस्थ आला. बायको अडली होती. आयडा म्हणाली, मी डॉक्टर नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. तो म्हणाला, परपुरुष आमच्या घरातल्या बाईला हात लावू शकत नाही. तो निघून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आला. तीच अडचण, तोच नकार. मग तिसरा माणूस, दुसऱ्या जातीचा हिंदू. त्याचंही तेच.

सकाळी कळलं की तिघीही गेल्या.

वडील डॉक्टर होते, दोन पावलांवर होते, यायलाही तयार होते. तरी तिघींना मदत मिळाली नाही, कारण मदत करायला बाई डॉक्टर नव्हती. त्या सकाळी आयडाने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं आणि इथेच परत यायचं.

आनंदीबाईंच्या कॉलेजात

इथे एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८९५ साली आयडाने वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलं ते फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियात. हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. १८८६ साली, म्हणजे आयडाच्या आधी नऊ वर्षं, आपल्या आनंदीबाई जोशी याच कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या.

आनंदीबाई कशामुळे डॉक्टर झाल्या हेही आठवून बघा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. म्हणजे आनंदीबाई बाळंतिणीच्या खाटेवरून निघाल्या होत्या आणि आयडा त्याच खाटेसाठी आलेल्या तीन हाका ऐकून. दुःख एकच होतं, फक्त दाराच्या दोन बाजूंनी पाहिलेलं.

आनंदीबाई परत आल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, क्षयाने त्यांचा बळी घेतला.

एकीला बावीस वर्षंही मिळाली नाहीत, दुसरीला ८९ मिळाली. आयुष्य किती मिळेल हे कुणाच्या हातात नसतं. म्हणून नुसत्या लांबीवरून आयुष्य मोजायला लागलो तर आनंदीबाईंचं काय करायचं? पण ज्यांना लांब आयुष्य मिळतं त्यांच्यापुढे एक वेगळा प्रश्न उभा राहतो, जो आनंदीबाईंपुढे कधी आलाच नाही. इतकी वर्षं आहेत, तर त्यांचं करायचं काय?

एका खाटेपासून

शेवटच्या टप्प्यात आयडा कॉर्नेल विद्यापीठात गेली आणि १८९९ साली डॉक्टर झाली. स्त्रियांना प्रवेश दिल्यानंतर त्या वैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडलेली ही पहिलीच तुकडी. निघण्याआधी तिने हॉस्पिटलसाठी पैसे जमवले. न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या एका बँकवाल्याने आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाने दहा हजार डॉलर दिले.

१९०० साली डॉ. आयडा वेल्लोरला कामाला लागल्या. सुरुवात वडिलांच्या बंगल्यात, एका खाटेच्या दवाखान्याने. वडिलांकडून हळूहळू शिकता येईल असं वाटत होतं, पण त्याच वर्षी वडील वारले. तिशीच्या आतली ही मुलगी एकटी डॉक्टर उरली. १९०२ साली मेरी टेबर शेल हॉस्पिटल उभं राहिलं, चाळीस खाटांचं.

लोक हॉस्पिटलपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर हॉस्पिटल लोकांकडे निघालं. आधी बैलगाडी, पुढे मोटार. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या झाडाखाली थांबायचं. आजूबाजूच्या गावांतले लोक तिथे वाट बघत बसलेले असायचे. फोडं, जखमा, ताप, डोळे, कुष्ठरोग, सगळं तिथेच रस्त्याच्या कडेला तपासायचं. आज आपण "मोबाइल क्लिनिक" म्हणतो ते हेच.

पण एक बाई किती जणींपर्यंत पोचणार? म्हणून १९०९ साली नर्सिंगची शाळा सुरू झाली आणि १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा. सरकारी अधिकाऱ्यांना शंका होती की डॉक्टरकी शिकायला मुली येतील तरी का. मुली आल्या. पहिल्या तुकडीतल्या १४ जणी १९२२ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. ज्या रात्री तीन घरांना एक बाई डॉक्टर मिळाली नव्हती, त्या रात्रीचं हे उत्तर होतं.

इथे गोष्ट थांबली असती तरी आयुष्य सार्थकी लागलं असं सगळ्यांनी म्हटलं असतं. पासष्टीच्या सुमाराला आयडाबाई निवृत्त झाल्या असत्या, मंडळीने शाल दिली असती, फोटो निघाला असता.

पण १९३८ साल उजाडलं.

जेव्हा सगळं पुसलं जाणार होतं

त्या वेळी वेल्लोरला दिला जात होता तो 'एल.एम.पी.' हा परवाना. विद्यापीठाची पदवी नव्हे, कमी वर्षांचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांची मोठी फळी याच परवान्यावर उभी होती. १९३८ साली मद्रास सरकारने ठरवलं की यापुढे डॉक्टर व्हायचं तर विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजातून एम.बी.बी.एस.च करायचं.

धोरण म्हणून ते चुकीचं नव्हतं. देशातल्या रुग्णांना पूर्ण शिकलेले डॉक्टर मिळावेत, हाच त्यामागचा हेतू. पण वेल्लोरसाठी तो फाशीचा दोर होता. एम.बी.बी.एस. शिकवायचं तर मोठ्या पदव्या घेतलेले प्राध्यापक हवेत, प्रयोगशाळा हव्यात, कितीतरी जास्त खाटांचं हॉस्पिटल हवं. आणि या सगळ्यासाठी पैसा. त्यातलं काहीच हाताशी नव्हतं. नवे प्रवेश थांबले. शेवटची तुकडी बाहेर पडली की शाळेला कुलूप.

तेव्हा डॉ. आयडांचं वय ६७.

जरा आपल्या घरातल्या ६७ वर्षांच्या माणसाला डोळ्यांसमोर आणा. पेन्शन चालू झालेली. गुडघे बोलायला लागलेले. "आता काय, देवाने बोलावलं की जायचं," असं अधूनमधून म्हणणारं ते माणूस. त्याला कुणी जाऊन सांगितलं की तू चाळीस वर्षं जे केलंस ते आता पुरेसं नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर, तर ते काय म्हणेल?

"आम्ही आमचं केलं, आता पुढच्यांनी बघावं" असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. सरकारला दोष देऊन खुर्चीत बसून राहायचाही हक्क होता. त्यांनी दोन्ही केलं नाही. १९४१ साली, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, सत्तरी ओलांडलेल्या आयडाबाई अमेरिकेला गेल्या आणि १९४५ पर्यंत तिथेच राहिल्या. शहराशहरांतून फिरत, चर्चाचर्चांतून भाषणं करत, पैसा आणि पाठिंबा मागत.

मागायला वय आड येतं. तरुणपणी मागताना माणूस स्वप्न दाखवू शकतो. सत्तरीत मागताना समोरच्याच्या मनात पहिला विचार हाच येतो की या बाई किती दिवस राहणार आणि यांच्यामागे हे सांभाळणार कोण. त्या प्रश्नाला तोंड देत त्या फिरल्या.

स्वतःचाच शब्द बदलताना

पैशापेक्षाही अवघड गोष्ट वेगळीच होती.

नव्या कॉलेजला वेगवेगळ्या चर्चांचा आणि मिशनांचा एकत्र आधार हवा होता. आणि तो मिळायचा तर कॉलेज फक्त मुलींचं ठेवून चालणार नव्हतं, मुलांनाही प्रवेश द्यावा लागणार होता. अमेरिकेतल्या ज्या बायकांनी वर्षानुवर्षं पैसे जमवून वेल्लोरला दिले होते त्यांनी ते बायकांच्या कॉलेजसाठी दिले होते. त्यातल्या काहींना हा चक्क विश्वासघात वाटला. आशियातल्या स्त्रियांच्या कॉलेजांसाठी मोठा निधी उभा करणाऱ्या लूसी पीबॉडी यांनी याला कडाडून विरोध केला. त्या डॉ. आयडांच्या जुन्या पाठीराख्या होत्या.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. मुलगे आले की मुली मागे पडतील, ही भीती आजही कितीतरी ठिकाणी खरी ठरते. आणि डॉ. आयडांचं स्वतःचं उभं आयुष्य "बायकांसाठी बायका डॉक्टर" या एका वाक्यावर उभं होतं. ते वाक्य बदलायचं म्हणजे स्वतःच्याच तरुणपणाशी भांडण.

पण त्यांनी हिशेब मांडला. मुलींचं कॉलेज म्हणून हट्ट धरला तर कॉलेजच राहणार नाही, आणि मग मुलींनाही काही मिळणार नाही. शेवटी त्या एकत्र शिक्षणाच्या बाजूने उभ्या राहिल्या. १९४२ साली वेल्लोरला एम.बी.बी.एस.चा वर्ग सुरू झाला आणि १९४७ पासून मुलग्यांनाही प्रवेश मिळू लागला.

म्हातारपणी माणूस हट्टी होतो असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. आयुष्यभर जपलेलं मत सोडणं हे जिना चढण्यापेक्षा कितीतरी कठीण. म्हणून मला वाटतं, डॉ. आयडांच्या म्हातारपणाचा सगळ्यात "अॅक्टिव्ह" क्षण हाच असावा.

खुर्ची सोडली, माणसं सोडली नाहीत

१९४६ साली, पंच्याहत्तरीत, त्यांनी कामाची जबाबदारी खाली ठेवली. पुढे संस्थेची सूत्रं डॉ. हिल्डा लाझरस यांच्याकडे आली. विशाखापट्टणमच्या हिल्डाबाई या वेल्लोरच्या पहिल्या भारतीय प्रमुख. देश स्वतंत्र झाला त्याच काळात अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेली संस्था एका भारतीय स्त्रीच्या हाती आली. संस्था स्थापन करणारी माणसं बरेचदा शेवटच्या श्वासापर्यंत किल्ल्या कमरेला बांधून ठेवतात. मंडळीतसुद्धा आपण हे पाहतो. कमिटीचे तेच सेक्रेटरी, तीच खजिनदाराची वही, तीस-तीस वर्षं. डॉ. आयडांनी किल्ल्या सोडल्या. त्यांच्या कामाचं हे अंग फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढची वर्षं त्या कोडाईकनालच्या आपल्या 'हिलटॉप' या घरी राहिल्या. विद्यार्थ्यांशी आणि हॉस्पिटलशी असलेलं नातं मात्र तुटलं नाही.

आणि हो, टेनिस! हे सांगितल्याशिवाय त्यांचं म्हातारपण पूर्ण होत नाही. त्या पक्क्या टेनिसवेड्या. एक किस्सा त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. पासष्टीच्या सुमाराला एका स्पर्धेत त्यांची गाठ एका कोवळ्या वयाच्या मुलीशी पडली. "माझ्या नशिबी ही आजीबाई आली" अशी त्या मुलीने कुरकूर केली म्हणे. ती आयडाबाईंच्या कानावर गेली. मग काय, आजीबाईंनी तिला एकही गेम जिंकू दिला नाही.

दुसरा किस्सा पत्राचा. पाकिटावर कुणीतरी नुसतं "डॉ. आयडा, इंडिया" एवढंच लिहिलं होतं. पत्र बरोबर पोचलं. एवढ्या मोठ्या देशात पोस्टमनला गाव, जिल्हा, पिन काहीही लागलं नाही. पुढे २००० साली याच टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढलं.

मे १९६० मध्ये कोडाईकनालला त्या वारल्या. दुसऱ्याच वर्षी वेल्लोरच्या डॉक्टरांनी भारतातली पहिली यशस्वी ओपन हार्ट सर्जरी केली आणि १९७१ साली मूत्रपिंड प्रत्यारोपण. १९३८ च्या त्या वर्षी आयडाबाई घरी बसल्या असत्या तर यातलं काहीच वेल्लोरला घडलं नसतं. साठीच्या आतलं काम शाळा झालं. साठीनंतरच्या कामामुळे ती शाळा जगली.

वेल्लोरहून जामखेडला

या कामाची एक वाट थेट महाराष्ट्रात येते, आणि तीही कुठे, तर जामखेडला.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघंही वेल्लोरचे विद्यार्थी. १९७० साली या नवराबायकोने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केलं. त्यांनी मोठं हॉस्पिटल बांधून रुग्णांची वाट पाहिली नाही. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी जणी अक्षरशत्रू, त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण, लसी, स्वच्छ पाणी, बाळाचा आहार, हे सगळं त्या बायका गावागावात सांभाळू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं नाव जगभरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना माहीत झालं.

डॉ. रजनीकांत हे १९४७ नंतर आलेल्या मुलग्यांपैकीच एक. कॉलेज फक्त मुलींचं राहिलं असतं, किंवा राहिलंच नसतं, तर हे दोघे एकाच कॉलेजातून शिकून जामखेडला आले असते का? आणि गावातली बाळंतीण आज वाचली असेल तर तिला आयडा स्कडर हे नाव कधी ऐकूही आलेलं नसेल. तसं ऐकायची गरजही नाही.

मग आपल्या आजी-आजोबांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, सगळेच काही आयडा स्कडर होत नाहीत. अगदी बरोबर. आपल्या मंडळीतल्या आजींनी कॉलेज काढलेलं नसतं. त्यांनी चाळीस वर्षं रविवारची शाळा घेतलेली असते, गायनात सूर धरलेला असतो, पेटीच्या मागे बसून पिढ्यान्‌पिढ्यांना गाणी शिकवलेली असतात, कुणाच्या घरी मयत झालं की सगळ्यात आधी पातेलं घेऊन पोचलेल्या असतात. त्याचं तिकीट निघत नाही. पण ते गेलं की मंडळीला कळतं की काय गेलं.

म्हणून पुढच्या वेळी शाल पांघरताना थोडं वेगळं करून बघूया.

एक, त्यांना विचारा की अजून काय करायचं राहिलंय. आपण नेहमी झालेल्याबद्दल विचारतो, राहिलेल्याबद्दल नाही. उत्तर कदाचित छोटं असेल. "जुन्या गाण्यांच्या चाली कुणाला तरी शिकवायच्यात" किंवा "नातीला पत्र लिहायचंय." ते पूर्ण करायला त्यांना एक तरुण हात जोडून द्या.

दोन, खरं काम द्या, मान देण्यापुरतं नव्हे. "मार्गदर्शक" म्हणून पत्रिकेवर नाव छापणं म्हणजे काम नव्हे. लहान मुलांना गोष्ट सांगणं, नव्या जोडप्यांशी बोलणं, आजारी माणसाला रोज एक फोन करणं, ही कामं खुर्चीत बसूनही होतात.

तीन, फोन हातात आहेच, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. आपली मंडळी कशी सुरू झाली, घंटा कुणी आणली, पहिलं लग्न कुणाचं, जुन्या फोटोतली माणसं कोण. रजिस्टरमध्ये तारखा असतात, गोष्टी नसतात. फोटोच्या मागे त्याच दिवशी नावं लिहून टाका.

चार, त्यांना येता येत नसेल तर आणायला जा. पुष्कळ वडीलधाऱ्यांची उपासना सुटते ती श्रद्धा कमी झाल्यामुळे नव्हे, तर रिक्षाच्या पायरीमुळे आणि चर्चच्या पायऱ्यांमुळे. दारापाशी एक उतार बांधला तर शंभर शालींचं काम होतं.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जे आजी-आजोबा आता अंथरुणाला खिळलेत, ज्यांना नावं आठवत नाहीत, जे टेनिस सोडाच, पाण्याचा पेलाही स्वतः उचलू शकत नाहीत, त्यांचाही वाढदिवस माइकवरून जाहीर करा. "अॅक्टिव्ह" नाहीत म्हणून ते यादीतून गळायला नकोत. डॉ. आयडांनी ज्या हॉस्पिटलसाठी सत्तरीत जगभर हात पसरले ते हॉस्पिटल शेवटी अशाच माणसांसाठी होतं, ज्यांना स्वतःचं काही करता येत नाही त्यांच्यासाठी. वेल्लोरच्या ब्रीदवाक्याचा अर्थही तोच आहे. सेवा करून घेण्याऐवजी सेवा करावी.

तुमच्या घरात किंवा मंडळीत साठी ओलांडल्यावर नवीन काही सुरू केलेलं कुणी आहे का? शिवणाचा क्लास असेल, बालवाडी असेल, परसातली बाग असेल, आयुष्यात पहिल्यांदा घेतलेला स्मार्टफोन असेल. या आठवड्यात त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा की सुरुवात कशी केली. शाल नंतर द्या. आधी ऐका.